मूठभर वाळूचा व्यवहार

धर्मगुरूने चित्रपटांविषयी लिहावे, याचे आमच्या काही वाचकांना नवल वाटेल. एखाद्या वडीलधाऱ्याला ते रुचणारही नाही. त्यांना इतकेच स्मरण करून द्यावेसे वाटते, की बारावे पायस पोप महाराज यांनी १९५७ साली ‘मिरांदा प्रोर्सुस’ या परिपत्रकात चित्रपट, रेडिओ आणि टेलिव्हिजन या तिन्हींचा साक्षेपाने विचार केला होता, आणि त्यांना केवळ धोका म्हणून नव्हे, तर देणगी म्हणूनही संबोधिले होते. पुढे १९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने व्हॅटिकनने ४५ निवडक चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत संतचरित्रे आहेत, प्रभूचे चरित्र आहे. आणि त्यांच्याच पंक्तीला ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ हा १९५१ सालचा इंग्रजी विनोदपटही बसलेला आहे. बँकेचे सोने लांबविणाऱ्या एका पापभीरू कारकुनाची ती कथा! यादी करणाऱ्यांना हसता येत होते, हे पाहून मला मोठा दिलासा वाटला.

आज ज्या दिग्दर्शकाविषयी लिहावयाचे आहे, तो त्याच कुळीचा. मात्र इंग्लंडचा नव्हे, तर स्कॉटलंडचा. बिल फॉरसाइथ हे त्याचे नाव. १९४६ साली ग्लासगो शहरात तो जन्मला. सतराव्या वर्षी शाळा सोडली, आणि ‘चित्रपट कंपनीस मुलगा पाहिजे’ अशा आशयाची जाहिरात पाहून तो एका लहानशा संस्थेत चिकटला. कारखाने, जहाजबांधणी, सरकारी योजना यांवरील माहितीपट काढणारी ती मंडळी होती. तेथे ओझी उचलता उचलता तो आपली कला शिकला. त्या काळी स्कॉटलंडमध्ये स्वतःचा असा चित्रपट व्यवसाय जवळजवळ नव्हताच. लंडनहून वा हॉलिवूडहून मंडळी येत, डोंगर आणि किल्ले टिपून नेत, आणि स्कॉच मनुष्य हा एकतर कंजूष नाहीतर मद्यपी, असे जगाला दाखवीत.

फॉरसाइथने प्रथम जी पटकथा लिहिली, तिला पैसा कोणी देईना. तेव्हा त्याने ग्लासगोच्या युवक नाट्यसंस्थेतील पोरांना हाताशी धरले, आणि इकडून तिकडून जमविलेल्या काही हजार पौंडांत ‘दॅट सिंकिंग फीलिंग’ हा चित्रपट १९७९ साली पुरा केला. बेकार पोरांची एक टोळी गोदामातून स्टीलची सिंके पळविण्याचा बेत करते, एवढीच त्याची कथा. ती सिंके विकावयाची कोणाला, हा विचार कोणीच नीट केलेला नसतो. आरंभीच एक तरुण आपल्या मित्रांना सांगतो, की जीव देण्यासाठी आपण दुधातल्या कॉर्नफ्लेक्समध्ये बुडून पाहिले. आत्महत्येसारख्या विषयावर विनोद? मीही प्रथम दचकलो. परंतु प्रेताजवळ बसून ज्याने बेकार तरुणाच्या आईचे सांत्वन केले आहे, त्याला त्या विनोदाचा तळ दिसल्यावाचून राहत नाही. फॉरसाइथ त्या मुलाला हसत नाही. त्या मुलाला स्वतःवर हसण्याइतके बळ अजून उरले आहे, हे तो आपणांस दाखवितो.

१९८१ सालच्या ‘ग्रेगरीज गर्ल’ने त्याचे नाव सर्वतोमुखी केले, आणि त्याच्या पटकथेला ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले. ग्लासगोजवळ कंबरनॉल्ड नावाचे नव्याने वसविलेले सिमेंटी शहर आहे. त्या गावाचे कौतुक सहसा कोणी करीत नाही. तेथल्या शाळेच्या फुटबॉल संघात डोरोथी नावाची मुलगी येते, आणि उंच, वेंधळ्या ग्रेगरीची जागा पटकावते. ग्रेगरी गोलरक्षक होतो आणि तिच्या प्रेमात पडतो. पुढे मुली मिळून असा काही डाव रचतात, की शेवटी तो भलत्याच मुलीबरोबर बागेत गवतावर उताणा पडून, पृथ्वीच्या फिरण्याविषयी बोलत, पडल्या पडल्या हात हलवून नाचत असतो. आणि आपली फसवणूक झाली आहे, याचे त्याला यत्किंचितही दुःख नसते. शाळेच्या वऱ्हांड्यांतून पेंग्विनचा वेष घातलेले एक मूल अधूनमधून भटकताना दिसते. ते कोण, कशासाठी आले, हे कोणी सांगत नाही. प्रत्येक वर्गातून त्याला पुढच्या वर्गात धाडण्यात येते. सरकारी कचेरीत ज्याने फेऱ्या घातल्या असतील, त्याला ते मूल ओळखीचे वाटेल.

पालकांना एक सूचना केलीच पाहिजे. या चित्रपटाच्या प्रारंभी काही मुले चोरून एका खिडकीत डोकावतात, तो प्रसंग औचित्याला सोडून आहे. आमच्या सभागृहात आम्ही तो गाळूनच पुढचे दाखविले. बाकीचा चित्रपट निर्मळ आहे. ग्रेगरीची दहा वर्षांची बहीण त्याला पोक्तपणाने जो उपदेश करते, तो ऐकून आमच्या सिस्टरांनाही हसू आवरेना.

आणखी एक गोष्ट येथे सांगतो, कारण ती आपल्या सीमाभागाच्या जिव्हाळ्याची आहे. अमेरिकेत हा चित्रपट नेताना तेथील प्रेक्षकांना ग्लासगोची बोली कळणार नाही, म्हणून संवाद सौम्य उच्चारांत पुन्हा मुद्रित करण्यात आले. आपली कानडी वळणाची मराठी ऐकून पुण्याकडील पाहुणे गालांतल्या गालांत हसतात, हा अनुभव कोणाला नाही? आपलेच तोंड, पण दुसऱ्याचा आवाज, अशी त्या पोरांची स्थिती झाली असेल.

आता मुख्य चित्रपटाकडे वळतो. ‘लोकल हिरो’ १९८३ साली प्रदर्शित झाला. निर्माते डेव्हिड पटनम, संगीत मार्क नॉफ्लर यांचे, आणि तेलसम्राट हॅपरच्या भूमिकेत हॉलिवूडचा वयोवृद्ध नट बर्ट लँकेस्टर. उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक फॉरसाइथला याच चित्रपटासाठी मिळाले.

टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी नॉक्स तेल कंपनी आहे. तिला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाना उभारावयाचा आहे; त्यासाठी फर्नेस नावाचे अख्खे गाव, समुद्रकिनाऱ्यासकट, विकत घ्यावयाचे आहे. या कामी मॅकिन्टायर नावाचा तरुण अधिकारी धाडण्यात येतो; कारण काय, तर आडनाव स्कॉच. वास्तविक त्याचे पूर्वज हंगेरीचे, आणि ते आडनाव त्यांना अमेरिकन वाटले म्हणून त्यांनी धारण केलेले! मॅकची सगळी कामे टेलेक्सवरून होत असतात; माणसांना समोरासमोर भेटण्याची त्याला सवय नाही.

अशा कथेत पुढे काय व्हावयाचे, हे आपण गृहीत धरून बसतो. भोळेभाबडे गावकरी, दुष्ट कंपनी, जमिनीसाठी लढा, शेवटी धर्माचा जय. येथे तसे काहीच घडत नाही. गावकरी विकण्यास केव्हाचे तयार आहेत! गावातील खानावळवाला गॉर्डन उर्कहार्ट हाच गावाचा हिशेबनीसही आहे, आणि भाव वाढावा म्हणून तो बोलणी लांबवीत असतो. गावकऱ्यांची गुप्त सभा भरते ती चर्चमध्ये. इकडे पाहुणे किनाऱ्यावर फिरत आहेत, आणि तिकडे त्यांच्या पाठीमागे सारे गाव चर्चच्या दारातून ओळीने, पावलांचा आवाज न करता, बाहेर पडत आहे. हे दृश्य पाहून आमच्या सभागृहात जो हशा पिकला, त्यात धर्मग्रामाच्या कार्यकारिणीतील दोघांचा आवाज सर्वांत मोठा होता.

गावकऱ्यांना फॉरसाइथ दोष देत नाही. मॅक एका कोळ्याला विचारतो, की तुम्ही पकडलेली ही शेवंडे तुम्ही खाता का? उत्तर मिळते, की छे, ती महाग पडतात. ती परगावी मोठ्या हॉटेलांत जातात. निसर्गसौंदर्याने पोट भरत नाही, या अर्थाचे एक वाक्य व्हिक्टर या रशियन खलाशाच्या तोंडी आहे. गाव गावकऱ्यांचे आहे, त्याचे काय करावयाचे ते त्यांनी ठरवावे, असे त्याचे म्हणणे. शहरातून सुटीला येऊन ‘तुमचे गाव किती सुंदर, असेच ठेवा हं!’ असे सांगून संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्यांना ते वाक्य झोंबले पाहिजे.

उलटा बदल घडतो तो मॅकमध्ये. त्याच्या मनगटी घड्याळाला ह्यूस्टनच्या सभेची वेळ झाली की घंटी वाजते. एके दिवशी शिंपले वेचताना तो ते काढून खडकावर ठेवतो; भरती येते, आणि पाण्याखाली ते घड्याळ वाजत राहते. गावात एकच लाल टेलिफोन बूथ आहे. तेथून साहेबांना फोन लावावयाचा, म्हणजे गावभर नाणी गोळा करावी लागतात. हॅपरला कारखान्याइतकाच आकाशाचा नाद. कन्या राशीवर लक्ष ठेव आणि काय दिसेल ते कळव, अशी त्याची आज्ञा असते. एका रात्री आकाशभर ध्रुवप्रभा उजळते, आणि मॅक त्या बूथमध्ये उभा राहून, तोंडाला शब्द सुचत नाहीत अशा अवस्थेत, ते वर्णन समुद्रापलीकडे पोहोचवू पाहतो. मला वाटते, चित्रपटातील हीच त्याची पहिली प्रार्थना.

गावचे पाळक आहेत रेव्हरंड मॅकफर्सन. आणि ते आफ्रिकेचे! शिकावयास आले, तेथेच राहिले. घानाचे नट ग्यारब्वार असांते यांनी ही भूमिका केली आहे. त्या काळी प्रेक्षकांना ही कल्पना चमत्कारिक वाटली असेल. आज आपल्या देशातील धर्मगुरू ब्रिटनमधील धर्मग्रामांत सेवा करीत आहेत, तेव्हा त्यात नवल ते काय उरले? मी स्वतः मात्र त्या पाळकाकडून थोडी अधिक अपेक्षा केली होती. व्यवहार चालू असता तो फक्त मंद हसतो आणि सर्वांशी गोड राहतो. आपल्यावरही तो आरोप होतोच.

जाता जाता स्थळांविषयी. पडद्यावरचे गाव एकसंध दिसते, परंतु घरे पेनन या अ‍ॅबरडीनशायरमधील खेड्यातील आहेत आणि वाळूचा किनारा देशाच्या अगदी दुसऱ्या, पश्चिम बाजूचा, कामुसदाराख येथला. चर्चच्या दृश्यांसाठी लॉखेलॉर्टजवळील पोलनिश येथल्या ‘आवर लेडी ऑफ द ब्रेज’ या कॅथोलिक चर्चचा उपयोग करण्यात आला. तेथील नित्य उपासना त्यापूर्वीच थांबलेली होती. तो सारा मुलूख स्कॉटलंडमधील जुन्या श्रद्धेचा. धर्मक्रांतीनंतर कॅथोलिक उपासनेवर बंदी असता मॉरर, अरिसेग, मॉयडर्ट येथील कुटुंबांनी ती जतन केली. अठराव्या शतकाच्या प्रारंभी लॉख मॉररमधील एका बेटावर लहानसे गुप्त सेमिनरीही चालत होते. चित्रपटात याचा उल्लेख नाही. पण ठाऊक असले, की त्या किनाऱ्याच्या विक्रीची गोष्ट ऐकताना मन थोडे अधिक हलते.

आणि आता बेन नॉक्स. किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तू वेचून, एका खोपटात राहणारा म्हातारा. व्यवहार पुरा होत आला असता असे उघडकीस येते, की चार मैलांचा तो वाळूचा किनारा याच्या मालकीचा आहे. त्याच्या पूर्वजाला शेकडो वर्षांपूर्वी तो बक्षीस मिळालेला, आणि त्याचा कागदही आहे. बेन विकावयास तयार नाही. पृथ्वीवरील कोणताही सुंदर किनारा घे, म्हणून मॅक त्याला छायाचित्रे दाखवितो. बेन ती पाहतो आणि म्हणतो, की माझ्याजवळ एक किनारा आहे. शेवटी तो मुठीत वाळू घेऊन विचारतो, की या मुठीत जितके कण, तितके पौंड देशील? मॅकला वाटते, आपणांस फसविण्यात येत आहे. तो नाही म्हणतो. मग बेन सांगतो, की फार तर दहा हजार कण असते. तुला स्वस्तात पडले असते.

हा चित्रपट आम्ही दाखविला, तेव्हा पावसाळा होता. लॅपटॉप एका तरुणाचा, पडदा म्हणजे पांढरी चादर, आणि मराठीत अर्थ सांगण्याचे काम माझे. वाळूच्या प्रसंगी मी सांगावयाचे थांबलो. कारण पुढच्या बाकावर बसलेले एक आजोबा उजवी मूठ मिटून तिच्याकडे पाहत होते. त्यांचे घर मला ठाऊक होते. रस्त्याच्या कडेचे वाडवडिलार्जित शेत. त्याला मागणी आलेली. थोरला मुलगा ‘देऊन टाकू’ म्हणतो, धाकटा ‘देणार नाही’ म्हणतो. दोघे भाऊ रविवारच्या मिस्सेला एकाच चर्चमध्ये येत, पण वेगवेगळ्या दारांनी. उतारा अजून आजोबांच्या नावावर. कोणाची बाजू घ्यावी, हे मला कळत नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आजही कळत नाही. थोरल्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च मला ठाऊक आहे. धाकट्याने त्या शेतात खणलेली विहीरही मी आशीर्वादिली आहे.

चित्रपटात यानंतरचा एक प्रसंग आहे, तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. संध्याकाळ होते, आणि सारे गाव, ज्यांच्यावर आपण इतका वेळ प्रेम केले ती सारी माणसे, बेनच्या खोपटाच्या दिशेने मुकाट्याने चालू लागतात. हातात काही नाही, ओरडा नाही. तरीही अंगावर काटा येतो. पैसा हाताशी आला असता आडवा येणाऱ्या एका म्हाताऱ्याचे चांगली माणसे काय करतील, हा प्रश्न दिग्दर्शक आपल्यापुढे ठेवतो, आणि तेवढ्यात हॅपरचे हेलिकॉप्टर उतरते. विनोदपट म्हणून तो वाचतो. हेलिकॉप्टर आले नसते तर? आमच्या सभागृहात त्या क्षणी कोणी हसले नाही.

हॅपर आणि बेन खोपटात बसून आकाशाविषयी बोलतात, आणि कारखान्याच्या जागी वेधशाळा करण्याचे ठरते. गाव वाचले, असे म्हणावे. परंतु मॅकला साहेब ताबडतोब ह्यूस्टनला परत धाडतात. उंच इमारतीतील आपल्या घरी तो खिशातील शिंपले आणि गोटे काढून ठेवतो. आणि मग फर्नेसचा तो रिकामा लाल बूथ दिसतो. आत फोन वाजत आहे. चित्रपट कंपनीला गोड शेवट हवा होता. फॉरसाइथने तो नाकारला आणि तेवढे एक दृश्य जोडले. दिवे लागले तेव्हा आजोबांनी मला विचारले, “फादर, तो फोन कोणी उचलला नाही काय?” मी म्हणालो, “आजोबा, तेवढे दाखविलेले नाही.” ते म्हणाले, “मग पुन्हा एकदा लावा बघू.” आम्ही शेवटची पाच मिनिटे पुन्हा दाखविली.

पुढच्याच वर्षी, १९८४ साली, ‘कम्फर्ट अँड जॉय’ आला. नाताळच्या तोंडावर रेडिओवरील एका लोकप्रिय निवेदकाला त्याची मैत्रीण सोडून जाते, आणि तो एकटा पडलेला मनुष्य दोन इटालियन घराण्यांच्या आइस्क्रीमच्या गाड्यांतील भांडणात सापडतो. गाडीवर लाठ्या घेऊन तुटून पडलेल्या हल्लेखोरांपैकी एक जण त्याला ओळखतो आणि हल्ला चालू असता आवडीच्या गाण्याची फर्माईश करतो! इटलीतून, विशेषतः बार्गा गावाकडून, आलेली ही कॅथोलिक कुटुंबे ग्लासगोत पिढ्यान्‌पिढ्या आइस्क्रीम विकीत आली आहेत. निवेदक त्यांच्यात समेट घडवितो, आणि स्वतः नाताळच्या दिवशी रेडिओ केंद्रावर एकटाच काम करीत बसतो.

परंतु या चित्रपटावर एक काळी छाया आहे. ग्लासगोच्या वस्त्यांत आइस्क्रीमच्या गाड्यांचे मार्ग बळकावण्यासाठी खरोखरच गुंडगिरी चालू होती. १९८४च्या एप्रिलमध्ये त्या वैरातून एका घराला आग लावण्यात आली, आणि एका दीड वर्षाच्या मुलासह कुटुंबातील सहा जण मृत्युमुखी पडले. या प्रकरणी दोघांना जन्मठेप झाली. वीस वर्षांनी, २००४ साली, न्यायालयाने ती शिक्षाही रद्द ठरविली. त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या त्या भांडणाला कोणी मनमोकळे कसे हसावे? चित्रपट वाईट नाही. पण फॉरसाइथची सौम्य दृष्टी येथे जगाला पुरी पडली नाही, असे माझे मत आहे.

नंतर तो अमेरिकेत गेला. मॅरिलिन रॉबिन्सन यांच्या कादंबरीवरील ‘हाउसकीपिंग’ (१९८७) हा त्याचा गंभीर, सुंदर आणि उपेक्षित चित्रपट. ‘बीइंग ह्यूमन’ (१९९४) कंपनीने काटछाट करून प्रदर्शित केला आणि तो साफ पडला. १९९९ साली ‘ग्रेगरीज टू गर्ल्स’ करून त्याने चित्रपट दिग्दर्शन थांबविले. त्याआधीचा, १९८१ सालचा एक लहान दूरदर्शनपट मात्र विसरता कामा नये: ‘अँड्रीना’. ऑर्कनी बेटांचे लेखक जॉर्ज मॅकाय ब्राउन यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. हे लेखक १९६१ साली आपल्या श्रद्धेत आले होते. एकाकी म्हातारा खलाशी, हिवाळ्यात त्याची देखभाल करावयास येणारी एक मुलगी, आणि एके दिवशी तिचे न येणे. ज्येष्ठांच्या मेळाव्यासाठी याहून योग्य चित्र मला ठाऊक नाही. मिळविणे मात्र कठीण आहे.

ज्या धर्मग्रामांना हे चित्रपट दाखवावयाचे असतील, त्यांनी प्रारंभ ‘लोकल हिरो’ने करावा. मराठी अर्थ सांगणारा मनुष्य अगोदर एकदा पाहून तयार असावा. ग्लासगोची इंग्रजी सेमिनरीत शिकविलेली नसते, हे मी स्वानुभवाने सांगतो. ‘ग्रेगरीज गर्ल’ तरुणांसाठी, पहिली काही मिनिटे गाळून. मध्यंतरात चहा ठेवावा. आमच्याकडील प्रत मागावयास येणाऱ्यांनी पुढचा महिना धरावा. सध्या ती त्या आजोबांच्या घरी आहे. धाकटा मुलगा घेऊन गेला होता, आणि परवा थोरला म्हणाला, की आम्ही अजून शेवटपर्यंत पाहिलेला नाही.